सुईला घोंगडीची ऊब

आमच्या घराण्यात शांत डोक्याचं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि त्यात माझा पहिला नंबर. त्या दिवशी तर यंत्रानंच माझ्याशी भांडण काढलं होतं.

भोरच्या कॉलेजात धनाजी सर आणि मी दोन वर्षं खपून एक छपाईयंत्र जमवलंय. ते कागदावर छापत नाही. सिरिंजमधून जेल सोडत, थरावर थर चढवत बारीक जाळी उभी करतं. पुढं त्या जेलमध्ये जिवंत पेशी घालायच्या आणि भाजलेल्या माणसासाठी कातडी छापायची, हे माझं वेड. दुपारी तीनला पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या मॅडम बघायला येणार होत्या. दहा थरांची जाळी उभी राहिली तर मला सहा महिने त्यांच्या प्रयोगशाळेत जागा. नाही राहिली तर यंत्र कपाटात आणि मी वेल्ह्याच्या डोंगरात, मेंढरांमागं.

दीड वाजला तरी जाळी उभी राहीना. जेल सुईत थिजून अडकायचं. ऊब वाढवली की भसकन बाहेर यायचं आणि खालच्या तबकडीवर लोळण घ्यायचं. त्याहून तापवायची सोय नव्हती, कारण उद्या त्यात पेशी असतील आणि त्या उकाड्यानं मरतील. बरं, पडद्यावरचा तापमानाचा आकडा अगदी जसा हवा तसा, तीस अंश. सर म्हणाले, आकडा बरोबर आहे म्हणजे जेलच बिघडलंय, नवं करू. नवं करायला चार तास लागतात.

माझी आई, फुलाबाई, बाजाराला भोरात आली की एसटीची वेळ होईपर्यंत माझ्याकडं येऊन बसते. खांद्यावर घोंगडी घेऊन ती कोपऱ्यातल्या स्टुलावर मघापासून हे सगळं बघत होती. उठली, सरळ यंत्रापाशी आली आणि सुईला करंगळी लावली. घरी दूध विरजायच्या आधी लावते ना, अगदी तशी. मी तिच्यावर खेकसले. सरांसमोर नको तेवढं बोलले.

ती हलली नाही. "सोने, वरची नळी कोमट हाय, पर सुई पार गार पडलीया," ती म्हणाली. "गार भांड्यात दूध वतल्यावर त्याची ऊब ऱ्हाईल व्हय?"

मी वाकून बघितलं. तापमापी सिरिंजच्या नळीला होती. सुई मात्र डिसेंबरच्या गारठ्यात उघडी, आणि तिच्याखाली मीच हौसेनं बर्फावर ठेवलेली तबकडी. पडलेलं जेल लगेच धरावं म्हणून ती गार हवीच होती, पण तोच गारवा सुईला चढत होता. आम्ही दोघं शिकलेले दीड तास आकड्याकडं बघत बसलो होतो.

आईनं घोंगडीच्या काठच्या दशा तोडून दिल्या. मी नवी सुई लावली, टोक मोकळं सोडून तिला लोकर गुंडाळली आणि नळीची ऊब चढेपर्यंत थांबले. मग बटण दाबलं. धार आली, एकसारखी, न तुटता! पहिला थर धरला, दुसरा बसला. मॅडम आल्या तेव्हा सातवा चालू होता आणि आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दहावा झाला. मॅडमनी चिमट्यानं जाळी उचलली, उजेडात धरली. चौकोन न् चौकोन शाबूत.

मग त्यांनी प्रयोगाची वही मागितली. 'सुईचं तापमान कशानं मोजलं' या रकान्यात मी घाईघाईत लिहून ठेवलं होतं, 'फुलाबाईंची करंगळी'. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, फुलाबाई कोण?

आई स्टुलावरून उठली. हात पदराखाली लपवलेला. "म्याच हात लावला, बाई," ती म्हणाली. "पोरीची चूक न्हाई. तिची जागा घालवू नका."

मी तिचा हात पदराखालून काढला आणि मॅडमसमोर धरला. म्हटलं, "मॅडम, हिला कळलं. मला नाही."

मॅडमनी आधी तिचा हात हातात घेतला. मग मला म्हणाल्या, जानेवारीत ये, आणि येताना लोकर घेऊन ये.