बुलबुलीचं बाळंतपण

धायरीतल्या त्या इमारतीच्या पोटात एक चौक आहे. चारी बाजूंनी भिंती, वर रुमालाएवढं आभाळ. तळमजल्यावर मथुराबाई राहतात. इमारत त्यांच्याच शेतावर उभी राहिली. शेत गेलं, चौकातली मधुमालती तेवढी त्यांनी मागून घेतली. यंदा तिच्यात बुलबुलीनं घरटं बांधलं आणि मथुराबाईंनी इमारतभर सांगितलं, "लेक बाळंतपणाला आलीय."

अंड्यांतून पिल्लं निघाली अन् ऊन पेटलं. वरच्या तिन्ही घरांच्या एसीचे डबे चौकाकडे तोंड करून बसलेले. दुपारी तिघं मिळून असे फुत्कारत, की वेल मान टाकी. चौक तापला की घरं तापत, घरं तापली की एसी आणखी जोरात. घरट्यात इवल्या चोची उघड्याच. मथुराबाई खिडकीतून पदरानं वारा घालत आणि गात:

बुलबुल माझी लेक, आली वेलीच्या माहेरा
घामेजलं तिचं बाळ, कुणी घालावा गं वारा

शेवटी त्या जिना चढल्या.

पहिल्या मजल्यावरचे निवृत्त रंगराव म्हणाले, "मी एकट्यानं बंद करून काय होणार? वरचे दोन चालूच. आणि मी घरात का शिजू? शिजवायला कुकर आहे."

दुसऱ्या मजल्यावरची अपेक्षा घरूनच आयटीचं काम करायची. "आजी, माझे कॉल्स असतात. आणि रंगराव काका करणारेत का बंद?"

तिसऱ्या मजल्यावर उत्तरेश्वर, लातूरकडचा, कारखान्यात रात्रपाळीला. डोळे चोळत म्हणाला, "आज्जी, दिवसा झोप झाली न्हाई तर रात्री मशीनमधी बोटं जातील माझी."

मथुराबाईंनी त्याचं दार हलकेच ओढून घेतलं. तरी संध्याकाळी तिघांना घरट्याखाली उभं करून त्यांनी वदवून घेतलं: उद्या दुपारभर बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही डबे मजेत घुमत होते. "मला वाटलं, बाकीचे दोघं करतीलच बंद," तिघंही म्हणाले. एक पिल्लू घरट्याच्या काठावर मान टाकून पडलेलं.

मथुराबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकाच्या रानात काम अडलं की सारा गाव आपापली बैलं घेऊन यायचा. इर्जिक म्हणायचो आम्ही. ज्याचं रान, त्यानं जेवू घालायचं. उद्या माझ्याकडं इर्जिक हाय. घराला कुलूप लावून या. म्हंजे शेजारी काय करतोय, ही काळजी नको."

जेवण म्हटल्यावर आले. रंगराव उशी घेऊन, अपेक्षा लॅपटॉप घेऊन. उत्तरेश्वरनं आतल्या खोलीत ओल्या फरशीवर अंग टाकलं. खिडकीला वाळ्याचा भिजवलेला पडदा, ताटात कैरीची डाळ, पेल्यात पन्हं. पहिला तासभर सगळे घामानं निथळले.

"घाम गाळायची ही सामुदायिक सोय उत्तम आहे," रंगराव म्हणाले.

मग चौक हळूहळू निवला. पडदा हलला. वाळ्याचा वास घेऊन वारा आत आला आणि उत्तरेश्वरचं घोरणं इतकं रंगलं, की अपेक्षाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?"

"आजी, बघा!" ती खिडकीशी कुजबुजली. घरट्यात चोची मिटल्या होत्या. कलंडलेलं पिल्लूही आईच्या पंखाखाली सरकलं होतं.

"पण बाहेर सगळं जग चालूच आहे, आजी."

"जग म्हंजे तरी काय गं? मोठा चौकच. वर आभाळाचं झाकण. गरम हवा जाईल कुठं? त्यांनाबी कुणीतरी जेवाया बोलवाया पायजे."

मग रोजच इर्जिक भरू लागली. कधी अपेक्षाचे पोहे, कधी उत्तरेश्वरची शेंगदाण्याची चटणी. एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. पिल्लं उडाली, वरच्या रुमालातून पार.

त्या दुपारी मथुराबाई एकट्याच पडदा भिजवत होत्या. दार वाजलं. बाहेर उशी घेऊन रंगराव.

"अहो, लेक गेली सासरी. तुमाला ठाव न्हाई?"

"मला कोणीही लेखी कळवलेलं नाही," म्हणत रंगराव आत शिरले. मागे जिन्यावर दोन कुलपं लागल्याचा आवाज आला.