प्रश्न विचारणाऱ्याचं नाव

सोमनाथ दुकानात आला तेव्हा बिभीषण आत स्टुलावर बसला होता. त्याचा फोन चार्ज होत नव्हता आणि रत्नमाला तो खोलून बघत होती.

बजाजनगरातल्या या गाळ्यात रत्नमाला मोबाईल दुरुस्त करते आणि आठशे कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुपही चालवते. फोन तापतो, मेमरी भरली, बनावट लिंक आली, तिथं काहीही विचारता येतं. ज्याला नाव उघड करायचं नसतं, तो प्रश्न तिला पाठवतो. ती तो आपल्या नावानं टाकते आणि आलेला मेसेज पुसते.

सोमवारी तिनं असाच एक प्रश्न टाकला: ठेकेदाराचं हजेरीचं ॲप ड्यूटी सुटल्यावरही आपण कुठं आहोत ते बघतं का? उत्तरही तिनंच दिलं. बघतं, सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच ठेवा.

प्रश्न बिभीषणचा होता. कायम करायच्या कामगारांची यादी ठेकेदार पुढच्या आठवड्यात कंपनीला देणार होता, आणि त्यात बिभीषणचं नाव होतं.

सोमनाथ ठेकेदाराचा माणूस. गाळाही ठेकेदाराचाच. साठ जणांनी लोकेशन बंद केल्याचं त्यानं आवाज न चढवता सांगितलं. एकतर विचारणाऱ्याचं नाव द्यावं, नाहीतर ग्रुपवर ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येणार नाही असं करावं.

"नाव ध्यानात नाय," रत्नमाला म्हणाली.

"मग फोन द्या, ताई. आमी हुडकतो."

बिभीषण खाली फरशीकडं बघत राहिला.

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला आणि सोमनाथ बोलत बाहेर गेला. रत्नमालाला तेव्हा आठवलं. बिभीषणनं ॲपचा स्क्रीनशॉटही पाठवला होता, त्यावर त्याचं नाव आणि टोकन नंबर होता. मेसेज तिनं पुसला होता. फोटो गॅलरीत तसाच होता. रोज गिऱ्हाइकांना जे बजावते, तेच ती स्वतः विसरली होती.

तिनं तो फोटो पुसला. मग गॅलरीची कचरापेटी उघडून तिथूनही पुसला. पण ॲडमिन ती एकटीच होती. फोन सोमनाथच्या हातात गेला की ग्रुप बंद. तिनं शेंद्र्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या ठेकेदाराकडं काम करणाऱ्या शीलाला ॲडमिन केलं आणि स्वतः ग्रुपमधून बाहेर पडली.

सोमनाथ आत आल्यावर तिनंच फोन पुढं केला. त्यानं चॅट, गॅलरी सगळं चाळलं.

"तुमी तर ग्रुपात नायच."

"नाय."

त्यानं फोन काउंटरवर ठेवला. "हुशारी लई केली. रविवारपर्यंत गाळा मोकळा करा."

तो गेल्यावर बिभीषण काही बोलायच्या आत शीलाचा फोन आला. तिला न विचारता ॲडमिन का केलं, असं ती विचारत होती. रत्नमालानं घडलेलं सगळं सांगितलं, गाळा जाणार तेही.



"ठीक हाय," शीला म्हणाली. "पर इचारणारा कोण, ते मला सांगू नका."