आप्पांनी न ठेवलेली नावं

आप्पांनी खाली बसून स्वयंपाकघरातली फरशी बोटाच्या पेराने वाजवली. मग शेजारची वाजवली, मग ओट्याखालची. प्रत्येक वेळी मान कलती करून कान दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. तोंडातून अवाक्षर नाही.

मुलगी दारात उभी होती. "पोकळ वाजतंय" एवढं एक वाक्य ऐकायला तिचा जीव टांगणीला लागला होता. लहानपणापासून ते तिने किती घरांत ऐकलं होतं, त्याला गणती नव्हती.

आप्पांचा जन्म बांधकामांवर सुपरवायझर म्हणून गेला होता. भिंत दिसली की तिचं दुखणं शोधायचं, ही त्यांची खोड. मुलीच्या लग्नात पाहुणे जेवत होते आणि हे हॉलच्या खांबाला एक डोळा लावून उभे. तिच्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हा व्याह्यांची तब्येत विचारायच्या आधी त्यांनी छतावरच्या ओलीची चौकशी केली होती. तिची आई म्हणायची, "ह्यांना कुणाकडे न्यायची सोय नाही. चहा घेतात आणि लोकांची भिंत आजारी पाडून येतात."

आज तीच खोड कामाला येणार होती. बसमधून उतरताना मुलीने त्यांना बजावलं होतं.

"आप्पा, आज हात आखडता घेऊ नका. जेवढी नावं ठेवता येतील तेवढी ठेवा. त्या बाईंच्या समोरच."

"खोटी?"

"खोटी कशाला? तुम्हाला खरी सापडतातच की."

घर मुलीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या आवाक्यात होतं, पण अगदी काठावर. सांगितलेल्या किमतीला घ्यायचं तर कर्जाच्या जोडीला गाठीशी होतं नव्हतं ते सगळं घालावं लागणार होतं. नवऱ्याने स्वतःच्या दुकानासाठी बाजूला ठेवलेलंसुद्धा. तो दुसऱ्याच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याने एक गाळा बघून ठेवला होता, रोज जाता-येता त्याच्या बंद शटरवरून हात फिरवून यायचा. किंमत जरा खाली आली तर घरही होईल आणि गाळाही. नाही आली तर घर होईल, आणि तो आणखी काही वर्षं मालकाची बोलणी खाईल. सकाळी तो एवढंच म्हणाला होता, "ठरलं की फोन कर." आणि मग बुटाची नाडी बांधायला जरा जास्तच वेळ घेतला होता.

घर विकणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर त्या पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या.

"वरची खोली तुम्हीच बघून या," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे वर यायला नाही म्हणतात. म्हणून तर विकतेय. बहिणीकडे सगळं खालच्याच मजल्यावर आहे."

वर गेल्यावर आप्पांनी खिडकीखालच्या भिंतीवर तळहात ठेवला, मग तो नाकाशी नेला. नळ सोडला, बंद केला, आणि पाणी जाताना नीट कान देऊन ऐकलं. कोपऱ्यात जाऊन भिंतीला गाल टेकवून ती सरळ आहे का ते पाहिलं.

"ओल?" मुलीने हळूच विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तो बघा, तिथे तडा गेलाय."

"तो नुसत्या रंगाचा आहे. केसाएवढा. त्याला तडा म्हटलं तर तडा रागावेल."

"आप्पा, थट्टा नका करू. काहीतरी असेलच ना."

आप्पांनी खिडकीबाहेर नजर टाकली. मग कुणाची चुगली करावी तशा दबक्या आवाजात म्हणाले, "चांगलं बांधलंय गं. ज्याने बांधलं, त्याला कुणी बघायला येणार नाही हे ठाऊक होतं, तरी चांगलं बांधलंय."

"आणि किंमत?"

"बरोबर आहे."

मुलीने डोळे मिटले. हे ऐकायला तिने त्यांना आणलं नव्हतं.

"हे खाली बोलू नका," ती म्हणाली.

"मग काय बोलू?"

"काहीच बोलू नका."

खाली बाईंनी चहा करून ठेवला होता. तिघं बसले. आप्पांनी कप उचलला आणि बशीतल्या चहाच्या थेंबाकडे बघत राहिले. त्यांना गप्प बसण्याची सवय नव्हती. चुकून कुणीतरी आपल्या हातात दुसऱ्याचं मूल द्यावं, तसे ते ती शांतता धरून बसले होते.

"मग?" बाई म्हणाल्या. "कसं वाटलं?"

आप्पांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "बघतोय."

बाईंची नजर आप्पांवरून हलेना. पांढऱ्या भुवया, आवळलेले ओठ, खाली घातलेली मान. बाईंनी स्वतःचा कप न पिताच बाजूला ठेवला.

"तुम्ही बांधकामातले ना? हिने फोनवर सांगितलं होतं." त्यांचा आवाज अजून ताठ होता, पण हात साडीचा काठ सारखा करू लागला होता. "आमच्या वॉर्डात मोठे डॉक्टर बघून झाल्यावर बोलत असले, रागावत असले, तर आम्हाला काळजी नसायची. औषध का चुकवलं, उशी का नाही बदलली. ओरडले की समजायचं, माणूस घरी जाणार. तपासून असे गप्प झाले की मग आम्ही नातेवाइकांना बोलावून घ्यायचो."

कुणी हसलं नाही.

"मागे जे बघायला आले, तेही असेच चहा घेऊन गेले. एकाचाही फोन नाही," त्या म्हणाल्या. "काय आहे ते मला विचारायचं नाही. मला त्यातलं कळतही नाही. मी किंमत कमी करते."

आणि त्यांनी आकडा सांगितला.

मुलीने मनात हिशोब केला. दुकानाच्या अनामतीला लागत होतं, जवळजवळ तेवढंच बाईंनी स्वतःहून सोडलं होतं. कुणी काही मागितलं नव्हतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. कोण असणार ते तिला न बघता कळलं.

आप्पांनी कप खाली ठेवला आणि घसा खाकरला. मुलीने टेबलाखालून त्यांची बाही धरली. नुसती धरली. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी, घट्ट.

आप्पांनी त्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा मान खाली घातली.

ते बघून बाईंचा चेहरा आणखी उतरला.

"एवढं वाईट आहे का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न घराबद्दलचा होता, पण त्यांनी तो भिंतीकडे बघून, कुजबुजत्या आवाजात विचारला. आत झोपलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये तसा. "मग असं करू, आणखी थोडे..."

"खिडकी घासते," आप्पा म्हणाले.

बाई थांबल्या. मुलीची बोटं बाहीवर तशीच राहिली.

"वरची. उजवीकडचं दार. उघडताना खाली जरा घासतं." आप्पा भराभर बोलू लागले, बंद नळाला पाणी आल्यासारखे. "सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावा लागेल. त्याची मजुरी पहिल्या किमतीतून वजा करा. मी काही सोडणार नाही, आधीच सांगतो."

"पहिल्या?"

"पहिल्याच."

"आणि बाकी?"

"बाकी काय? मला बाकी काही सापडलं नाही. म्हणून तर डोकं फिरलं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. ताप खरा आहे की मुलाला शाळा चुकवायची आहे, हे जसं बघतात तसं. खिडकीचं ते उजवं दार त्यांनी किती वर्षं रोज सकाळी उघडलं असेल. त्या हळूच मुलीकडे वळल्या.

"तुला गं काय वाटतं? घर तुला घ्यायचंय. घासते का खिडकी?"

मुलीने बाही सोडली. तिथे चुण्या पडल्या होत्या. ती उठली.

"बघून येते," म्हणाली.

जिना चढताना फोन पुन्हा थरथरला; तिने तो काढून हातात घेतला, पण उचलला नाही. वरची खोली आता उन्हाने भरली होती. तिने उजव्या दाराच्या कडेला एक बोट लावलं. दार आवाज न करता पार भिंतीपर्यंत गेलं. तिने ते परत ओढून घेतलं. पुन्हा तसंच, पाण्यातून हात फिरावा तसं अलगद. खालून कपांचा आवाज येत नव्हता. दोन म्हातारी माणसं तिची वाट बघत खाली गप्प बसली होती.

बंद शटरवरून फिरणारा एक हात तिच्या डोळ्यांपुढे आला. तो जाईपर्यंत ती थांबली.

मग कठड्याशी येऊन तिने खाली वाकून सांगितलं.

"घासते," ती म्हणाली. "पण चालेल."