बठ्ठा म्हणजे सगळे

तयार फंक्शनांच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि कामिनीने लिहिलेला प्रोग्राम बंद पडला. कामिनी चैत्रात वारली होती. आता तो सांभाळायचं काम तिच्या नवऱ्याकडे, हितेंद्रकडे आलं.

पारोळ्याला केळी पिकवायच्या खोल्या आहेत. पिकत्या केळ्यांनी आतली हवा खराब होते. हवा न बघता आत गेलेला माणूस परत येईलच असं नाही. खोलीतल्या सगळ्या सेन्सरांनी हवा ठीक सांगितली, तरच हा प्रोग्राम दारावर हिरवा दिवा लावायचा.

लहान लहान फंक्शनं एकाला एक जोडून तो लिहिला होता. लायब्ररीवाले दरवेळी नावं बदलतात, म्हणून कामिनीने मध्ये एक फाईल ठेवली होती. त्या फाईलीतली नावं कामिनीच्या सोनगीरच्या बोलीतली. लायब्ररी बदलली की तेवढी फाईल दुरुस्त करायची. त्यात ‘बठ्ठा’ होतं. हितेंद्र जळगावचा, पण बठ्ठा म्हणजे सगळे हे त्याला ठाऊक होतं. लायब्ररीत तसलं फंक्शन तयार होतंच. तिच्या दोन ओळी काढून त्याने ते बसवलं. प्रोग्राम चालू झाला.

दुसऱ्या दिवशी खोल्या सांभाळणाऱ्या झुलालआबांचा फोन आला.

“भाऊ, दिवा हिरवा शे.”

“मग उघडा की दार.”

“पन मीटर बठ्ठा बंद शेतस. उंदीरनी वायर कुरतडी टाकी. दिवा कोनले इचारीसन लागना?”

हितेंद्रने घाईघाईने जुनी फाईल उघडली. कामिनीची पहिली ओळ होती : सेन्सरांच्या उत्तरांची यादी रिकामी असेल तर ‘नाही’. नव्या फंक्शनला रिकामी यादी दिली तर ते ‘हो’ म्हणतं, कारण नाही म्हणणारा कोणी नसतो.

“आबा, कोणीच आलं नाही, तर बठ्ठा आले म्हणतात का?”

“कोनीच उनं नही तं बठ्ठा उनात कशे म्हनतीन? येडा शे का तू?”

“आत कोणी गेलं नाही ना?”

“हमाल पुना जाई रहिंता. कालर धरीसन मांगे वढं त्याले.”

हितेंद्रने कामिनीच्या दोन्ही ओळी परत टाकल्या.

“दिवा लाल व्हई गया,” आबा म्हणाले. “ठेवू फोन?”

“नको. पुनाला द्या.”

“बोला, भाऊ,” पुना म्हणाला.

“तूच बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. तुझा आवाज ऐकू दे. थांबू नको.”

पुना जरा गोंधळला. मग डब्यात काय आणलंय ते सांगू लागला.