गाळलेलं गाणं

"गाणं कुठं गेलं?"

शिक्षिका खुर्शीदबाई भर सिनेमात उठून उभ्या राहिल्या. उर्दू शाळेच्या त्या वर्गात साठ मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या, आणि पडद्यावरच्या सुगरण पक्षिणीच्या झाडावर आता बाईंची सावली पडली होती.

"रीळ तेवढं खराब झालंय," प्रोजेक्टरमागून प्रभाकर म्हणाला.

"खराब? गेल्या वर्षी तुम्हीच दाखवलंत. घरटं पडतं, पिल्लं जातात, मग ती गाते. आज घरटं पडलं आणि लगेच नवं तयार! कोणी बांधून दिलं तिला?"

मुली खिदळल्या. प्रभाकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं उरलेला सिनेमा चालवला, आणि संपल्याबरोबर दिवा असा खटकन बंद केला, की पुढच्या रांगेतल्या मुली दचकल्या.

शिक्षण खात्याचा फिरता प्रोजेक्टर घेऊन तो चौदा वर्षं भिवंडीच्या आणि आसपासच्या गावांच्या शाळांतून हिंडत होता. मशीन, पडदा, रिळांचे डबे, सगळं एकट्यानं उचलायचं. सुगरणीचं हे कार्टून पोरांचं सगळ्यात आवडतं. त्याचंही होतं. पण आठ महिन्यांपूर्वी त्याची सुचेता गेली. आठ वर्षांची पोर. तो गणेशपुरीच्या बाजूला शाळांच्या दौऱ्यावर होता. परत आला तेव्हा तिला दवाखान्यात नेलेलं होतं आणि ती कुणाला ओळखत नव्हती. ताप मेंदूत गेला, डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून त्याला सगळ्याचाच राग येई. खांद्यावर हात ठेवून 'देवाची मर्जी' म्हणणाऱ्या साहेबाचा राग. शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमांचा राग, कारण पोरीला शेवटचं नेलं त्या दिवशीही ते खडखडतच होते. आणि सगळ्यात जास्त नीलाचा. त्याची बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती ती पडलीच. केसांना फणी नाही, चुलीला काडी नाही. रोज सकाळी तो तिच्या डोक्याशी उभा राहून ओरडे, "ऊठ! किती दिवस चालायचं हे? लोकांची पोरं मरत नाहीत?" एकदा तर त्यानं ताट भिरकावलं होतं. तरी ती वळली नाही.

गेल्या आठवड्यात ते कार्टून पुन्हा त्याच्या वाट्याला आलं. अंजूरच्या शाळेत ती सुगरण गायला लागली आणि त्याच्या मस्तकात तिडीक गेली. मधल्या सुट्टीत त्यानं कात्री घेतली आणि अख्खं गाणं कापून काढलं. तासभर फार बरं वाटलं.

मुली वर्गाबाहेर गेल्या. खुर्शीदबाई मात्र तिथंच.

"कापलंत ना तुम्ही?"

"हो, कापलं! करा तक्रार." प्रभाकर पडद्याची गुंडाळी करता करता गरजला. "घरटं मोडलं की गाणं म्हणायचं आणि लागायचं कामाला! कार्टूनच्या बापाचं काय जातंय?"

"ते गाणं ऐकलंय कधी?"

"शंभरदा."

"मग बहिरे आहात तुम्ही." बाईंचा आवाजही चढला. "माझे शौहर गेले, तेव्हा जो येईल तो सांगायचा, सब्र करो, उठो, बच्चों को देखो. वाटायचं, एकेकाला धक्के मारून घराबाहेर काढावं. मग तुमची ती सुगरण म्हणाली, 'आज नहीं गाऊँगी, आज बस एक तिनका लाऊँगी.' ती कुणाला ऊठ नाही म्हणत, प्रभाकरभाई. ती म्हणते, आज मला गायचं नाही, फक्त एक काडी आणते. माझ्या बाजूनं तेवढंही कोणी बोललं नव्हतं." त्यांनी डोळे पुसले, पण स्वर सोडला नाही. "उद्या दुसरे वर्ग बसणार आहेत. जोडून आणा. नाहीतर वर लिहीन. खुदा की कसम, लिहीन."

घरी येताना रिक्षात तो मनातल्या मनात बाईंना शिव्या घालत होता. पण शिव्या संपल्यावर ती ओळ तेवढी उरली. ऊठ, आंघोळ कर, स्वयंपाक कर, चार माणसांत मिसळ. आठ महिने त्यानं नीलाकडं सगळं एकदम मागितलं होतं.

चार वाजले होते. खिडकीपाशी बसून त्यानं कापलेला तुकडा काढला, दाढीची पत्ती आणि फिल्म चिकटवायच्या द्रवाची बाटली मांडली. तुकडा लांबलचक, सोडला की फरशीवर लोळून धूळ खात होता.

"नीला," तो म्हणाला. 'ऊठ' ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. "हे वेटोळं जरा धर. पडल्या पडल्या धर."

मग भिंतीकडून एक हात मागं आला.

त्यानं वेटोळं त्या हातात दिलं आणि कामाला लागला. एक सांधा झाला. थोड्या वेळानं पाहिलं तर नीला कुशीवर वळली होती. फिल्म उजेडात धरून ती ते इवलेइवले पक्षी निरखत होती.

"हा कुठला सिनेमा?" तिचा आवाज गंज चढल्यासारखा.

"सुगरणीचा. गणेशपुरीला नेला होता ना, तोच."

नीला ताडकन उठून बसली.

"गणेशपुरीला." तिनं तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारला. "मी पाया पडले होते, जाऊ नका म्हणून. अंग भाजत होतं तिचं. तुम्ही काय म्हणालात? काय म्हणालात तुम्ही?"

"नीला, ड्युटी होती, तिथं फोन—"

"काय म्हणालात!"

"साधा ताप आहे म्हणालो."

"साधा ताप! दोन दिवस परक्यांच्या पोरांना चिमण्या दाखवत बसलात. ती दाराकडं बघत होती, बाबा आले का, बाबा आले का. मी एकटी! मी काय सांगायचं तिला? आणि वर मला म्हणता ऊठ? तुम्ही मला सांगता?"

तिनं वेटोळं त्याच्या अंगावर फेकलं. दोन्ही मुठींनी ती त्याच्या छातीवर मारत सुटली. प्रभाकरकडं उत्तरं होती. फोन नव्हता, बदली माणूस नव्हता, एसटी चुकली होती. आठ महिने त्यानं ती घोकली होती.

"मी चुकलो," तो म्हणाला. "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

"मोठ्यानं बोला!"

"मी चुकलो, नीला!"

दारावर थापा पडल्या. शेजारच्या धोंडूबाई धावत आल्या होत्या, हात अजून पिठाचे. "काय झाला रं परभाकर? कोन वरडतंय?"

प्रभाकरनं दार उघडलं. शर्टाचं बटण तुटलेलं, गळ्यात फिल्मचा गुंता.

"काही नाही, धोंडूबाई," तो म्हणाला. "नीला बोलत्येय."

"दार लावा," आतून नीला ओरडली. "माझं अजून झालेलं नाही."

त्यानं दार लावलं आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला.