कथिलाचे छर्रे

मालकांच्या हातून चहाचा कप पडला तेव्हा मी म्हणाले, "फोडा. एकच धड राहिला होता, तोही गेला." हात त्यांनी नीट पुढं केला होता, पण मनगटापासून पंजा लोंबत होता, देठ मोडल्यासारखा. ते खाली बसले. डाव्या हातानं काचा गोळा करायला लागले.

माझे मालक म्हणजे सोमा मिस्त्री. जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते, तिचे छर्रे ते करतात. सातपूरला आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथंच भट्टी. टायरवाल्यांकडून चाकाला लावायची शिशाची जुनी वजनं आणायची, वितळवायची आणि पळीनं साच्यात ओतायची. कळवणपासून मालेगावपर्यंतचे फुगेवाले सोमा मिस्त्रीचाच छर्रा मागतात, कारण तो सरळ जातो. हे मी बायको म्हणून सांगत नाही. नवऱ्याचं कौतुक करायची मला सवय नाही.

डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, "अंगात शिसं भरलंय, त्यानं हाताच्या नसा गेल्यात. आज शिसं सोडलं तर हात परत येईलही. उशीर कराल तितकी आशा कमी."

"येईलही म्हणजे काय? येतो का नाही ते एक सांगा."

"तसं सांगता येत नाही, आजी."

घरी आल्यावर मालक सरळ भट्टीकडं निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"कुठं?"

"मालेगावची ऑर्डर हाय."

"पळी धरवत नाय तुम्हाला."

"डाव्यानं ओततो."

"डावा गेला की मग पायानं ओता."

ते हसले आणि मला बाजूला करून गेले. थोड्या वेळानं शिशाचा तो गोडसर वास घरात आला. मी परात घेऊन पीठ मळायला बसले. इतकं मळलं की सूनबाई म्हणाली, "आत्या, पुरे आता." मी तिलाच फटकारलं.

रविराज, आमचा मुलगा, कंपनीत शिफ्टला जातो. तो म्हणाला, "आई, नुसतं थांबा म्हणून आबा थांबणार नाहीत. शिशाच्या जागी दुसरं काहीतरी त्यांच्या हातात द्यायला पाहिजे. बाहेरच्या देशांत तर शिशाच्या गोळ्या बंद करायला निघालेत. कुणी तांबं वापरतं, कुणी स्टील."

आधी त्यानं स्टीलच्या गोळ्या आणल्या. मागच्या अंगणात फळीवर फुगा लावला आणि बंदूक झाडली. गोळी फळीवर आपटून उलटी आली, माझ्या कानाजवळनं गेली आणि पाण्याच्या हंड्याला पोचा पाडून खाली पडली.

"बापाला वाचवायला निघालास आणि आईला मारतोस का रे?" मी म्हणाले.

मालक किती दिवसांनी पोट धरून हसले. मग बंदुकीच्या नळीत बघून म्हणाले, "नळी खरवडली. शिसं ते शिसंच." आणि परत भट्टीकडं गेले. पोराचं तोंड उतरलं.

पंधरवड्यानं त्यानं कथिल आणलं. भांड्यांना कल्हई करायचे तेच. बापापुढं कांडी ठेवली. मालकांनी ती गुडघ्यावर दाबून डाव्या हातानं वाकवली. कांडी करकरली. त्यांनी कानाजवळ नेली, परत वाकवली.

"हे तर रडतंय."

"रडू द्या," मी म्हणाले. "तुमचं शिसं बिनबोलता मारतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग रविराजला म्हणाले, "साचा आधी घासून घे. शिशाचा कण राहता कामा नये. आणि ओतताना थांबू नको, मधे थांबलास की छर्रा पोकळ होतो." भिंतीला टेकून बसले आणि पोरगा कसा ओततो ते बघत राहिले. त्यानं चुकवलं की तोंडातून नुसता च्च करायचे.

छर्रे गार झाले. छर्रा उडवून बघितल्याशिवाय बरावाईट म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांनी बंदूक उचलली. डाव्यानं नळी धरली, उजवा घोड्यापाशी नेला. पंजा खाली लोंबला. परत नेला, परत लोंबला. रविराज दुसरीकडं बघायला लागला. मी उठले आणि खालून त्यांच्या मनगटाला हात लावला.

"सोड, लंके," ते मला म्हणाले.

"सोडते. आधी फुगा फोडा."

बोटात तेवढा जोर होता. फुगा फुटला. त्यांनी परत छर्रा भरायला सांगितलं, परत उडवला. तिसऱ्यांदाही फुटला.

"हलका हाय," ते म्हणाले. "लांबवर वळंल थोडा. पण जत्रेला चालंल."

मी देवाला हात जोडणार होते. पण त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि भट्टीकडं न बघता घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. त्या दिवसापासून शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. रविराज सुट्टीच्या दिवशी कथिल ओततो. त्याचा छर्रा बापासारखा जात नाही, पण जातो.

पावसाळा सरला, थंडी आली. मालेगावचा एक फुगेवाला दारात आला. म्हणाला, "मावशी, कथिलाचे महाग पडतात. मिस्त्रींच्या हातचे शिशाचे द्या ना थोडे."

मी तोंड उघडायच्या आत मालक बाहेर आले. उजवा हात शालीत होता. "शिसं बंद केलंय," म्हणाले. "कोण देत असंल तर त्याच्याकडनं घे." तो गेल्यावरही उंबऱ्यात उभे राहिले.

रोज सकाळी ते हात पाटावर पालथा ठेवतात आणि बोटं उचलायला बघतात. मी समोर तांदूळ निवडत असते.

"मी सोडलं ना शिसं?" आज त्यांनी विचारलं.

"सोडलं की."

"मग?"

मी तांदूळच बघत राहिले.

"बघ, आता उचललं का?"

"उचललं."

"खोटं बोलतीस."

"मग विचारता कशाला?"

त्यांनी हात सरळ केला आणि परत उचलायला लागले.