खंडेनवमीच्या पाटावरचा लॅपटॉप

मी एक लॅपटॉप बोलतोय, भोकरदनच्या तातेरावांच्या घरातला. माझ्या पोटात दोन बिऱ्हाडं, म्हणजे मला चालवणाऱ्या दोन प्रणाली: विंडोज आणि लिनक्स. बटण दाबलं की कुणाकडे जायचं ते मी आधी विचारायचो. लिनक्स तातेरावांच्या लेकीचं, द्वारकाचं. ती जालन्याला कॉलेजात होती आणि शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट या लिनक्समध्येच होता. विंडोज तिच्या थोरल्या भावाचं, भुजंगचं. त्यात तो पत्ते खेळायचा आणि लोकांना सांगायचा, कॉम्प्युटरचं काम करून राह्यलो.

२००७ची खंडेनवमी. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सगळं घासूनपुसून लख्ख. भुजंगला वाटलं, मलाही आतून साफ करावं. त्यानं विंडोज नव्यानं टाकलं. नव्या विंडोजनं शेजाऱ्याला न विचारता दारावर आपल्या एकट्याची पाटी लावली. लिनक्स आत जसंच्या तसं होतं, पण त्याच्याकडे जायची वाट बंद. मग मला हळदकुंकू लावून, स्पेसबारवर झेंडू ठेवून, कुऱ्हाडीशेजारी पाटावर बसवलं.

द्वारकानं येऊन बटण दाबलं, तर सरळ विंडोज. तिच्या बोटांचा घाम माझ्या कीबोर्डवर उतरला. माझाही पंखा घाबरून फिरायला लागला. आम्ही दोघं एकाच स्वभावाची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट दाखवायचा होता. तातेरावांनी आधीच बजावलेलं: यंदा नापास झालीस तर शिकणं बंद, पुढचं पाव्हणे बघतील.

"दादा, माझं लिनक्स कुठंय?"

"ते जुनंपानं व्हतं ना काहीतरी? साफ केलं. आता कसं हलकं झालंय."

गावातल्या जाणकारांकडे फोनवर एकच औषध: सगळं फॉरमॅट कर. दात दुखतो म्हटल्यावर मुंडकं उतरवणारी ही माणसं.

ती मला उचलायला आली, तर तातेराव आडवे. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हलवायचं नाही. मुलीचं वर्ष हललं तरी चालेल.

तेवढ्यात तिची माय झुंबरबाई कणिक माखल्या हातांनी बाहेर आली.

"हलवायचं न्हाई ना? मंग तिथंच बसून कर की. बसायला कुनी अडवलंय?"

तातेराव बाजूला सरकले.

द्वारका पाटासमोर मांडी घालून बसली. लिनक्सची सीडी घातली, त्यावरून मला जागं केलं. पोटातलं लिनक्स दिसलं, प्रोजेक्टही दिसला. मग तिनं आज्ञा लिहून, कुणाकडे जायचं ते विचारणारा दारावरचा मेनू परत बसवायला घेतला. एकदा चुकली, दचकून हात मागे घेतला, पुन्हा लिहिलं. मी बंद होऊन उठलो तेव्हा दोन्ही नावं समोर होती.

ती पास झाली, पुण्याला नोकरीला लागली. मी इथेच आहे. बॅटरी मेलीय, बिजागरीला सुतळी बांधलीय. पाव्हणे आले की भुजंग सांगतो, "बंद पडल्ता. पूजेला ठिवला अन् बराबर झाला." पाव्हणे मला हात जोडतात.

खुशाल जोडा. विनंती एवढीच, की द्वारका सुट्टीवर आलेली असेल, तर त्या वेळी तिला चहा टाकायला उठवू नका.